चव पाहिली तर काय बिघडले?

माळकऱ्याला मद्य-मांस वर्ज्य, याविषयी आपल्यात दुमत नाही. तंबाखूपाशी आले की मात्र जीभ वकिली करू लागते. "माळ घालताना हिचे नाव कुठे घेतले होते?" असे विचारणारे टाळकरी मी पुष्कळ पाहिले. त्यात कुणी परगावची, कधी न ओढलेली तंबाखू चिलमीत भरून पुढे केली, तर मग काय! "एकच झुरका. नुसती चव. देणाऱ्याचे मन कशाला मोडा?"

प्रश्न जुना आहे. १६०४च्या सुमारास असद बेग हा अकबराचा अधिकारी विजापूरहून आग्र्याला परतला. येताना त्याने तंबाखू आणि रत्नांनी मढवलेली नळी आणली. तिकडे दरबाराला ही वस्तू नवीन. बादशहाने ती भरायला सांगितली. हकीम आडवा आला. ज्याविषयी वैद्यांनी काही लिहिलेले नाही, असे औषध घेऊ नये, हे त्याचे म्हणणे. बादशहाने असद बेगाचे मन राखण्यापुरते दोन-तीन झुरके घेतले. असद बेगाने युक्तिवाद केला की, प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे.

अकबराला पुढे तंबाखूची सवय लागली नाही. गोष्ट इथेच संपती, तर चव पाहणाऱ्यांचा पक्ष खरा ठरता. पण सरदारांनी असद बेगाकडे तंबाखू मागितली, त्याने ती वाटली, व्यापारी विकू लागले. १६१७ साली जहांगिराने मनाई केली, तरी तंबाखू थांबली नाही.

हकीम बरोबर होता, पण माझ्या मते त्याचे कारण अपुरे होते. त्याने बादशहाची प्रकृती पाहिली, बादशहाकडे पाहणारे डोळे पाहिले नाहीत. श्रेष्ठ जसा वागतो तसेच इतर वागतात, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले ते याचसाठी. विणेकऱ्याने विसाव्यावर झुरका घेतला की मागची पोरे त्याचा अलिप्तपणा उचलत नाहीत, चिलीम उचलतात.

राहिले देणाऱ्याचे मन. माउली, वारीत अनोळखी माणूस भेटला तरी आपण त्याच्या पायांवर डोके ठेवतो, तोही आपल्या. चिलीम पुढे करणाऱ्याला तेच करावे. बहुधा तो रागावत नाही. हसतो, आणि चिलीम शेजारच्याकडे नेतो. तो शेजारी आपल्याच दिंडीतला असला, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे.