अडकलेली झडप

लंडनच्या भारतीय उच्चायोगात नेमणूक असताना भाड्याच्या घरात घडलेली ही गोष्ट. ऑक्टोबर आला, बॉयलर सुरू झाला. साऱ्या खोल्या तापल्या, मुलीच्या खोलीतला रेडिएटर मात्र थंडगार. मी तत्काळ घरमालकास तक्रारीचे पत्र धाडले. भाषा सरकारीच, म्हणजे सभ्य आणि बोचरी.

दोन रात्री वाट पाहून मी झडपेचे डोके फिरवून काढले. आत बारीक पिन असते. खोली तापली की डोक्यातले मेण अगर द्रव प्रसरण पावते, पिन आत दाबली जाते आणि गरम पाणी थांबते. खोली निवाली की स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. येथे पिन आतच रुतली होती. पकडीने ओढावी, तर ती उपटून पाण्याचा फवारा उडण्याची धास्ती. हलके ठोकले, दाबले, सोडले. आठ-दहा खेपांनी ती आपसूक वर आली.

कारण मीच होतो. उन्हाळ्यात ही झडप पूर्ण उघडी ठेवायची असते, म्हणजे पिन मोकळी राहते. मी ती काटकसरीने घट्ट बंद केली होती. नळ बंद करणे हे आमच्या घरचे सदाचरण!

अज्ञानाने घडलेले कृत्य अनिच्छेचे केव्हा मानावे? कर्त्यास मागाहून खेद झाला तर, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. पण मी तर दोष दुसऱ्याच्या नावे नोंदवून मोकळा झालो होतो. आणि झडप चालू झाल्यावर खरे कोणास कळणार?

सायंकाळी मालकाचे उत्तर आले: क्षमायाचना, शिवाय भाड्यात सूट. मुलगी उबेत झोपली होती. मी कागद ओढला, पहिल्या पत्राचा संदर्भ व दिनांक घातला. पुढचे वाक्य सरकारी भाषेत जमेना.