स्वप्नातील क्षमा

निवृत्तीनंतर वेळ पुष्कळ मिळतो. झोप मिळेलच असे नाही. माझी झोप मुळातच सावध. महसूल खात्यात असताना पावसाळ्याच्या रात्री नर्मदेच्या पुराची वार्ता देणारा दूरध्वनी केव्हा वाजेल याचा नेम नसे. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, तासभर कूस बदलण्यात जातो आणि उजाडता उजाडता पुन्हा डोळा लागतो. त्या शेवटच्या झोपेतील स्वप्ने फार ठसठशीत असतात, हा अनुभव समवयस्क वाचकांनाही असेल.

याला शास्त्रीय कारण आहे. झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते आणि ठळक स्वप्ने ज्या अवस्थेत पडतात, ती अवस्था रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. अशा वेळी वारंवार जाग येणाऱ्यास कधीकधी एक चमत्कारिक अनुभव येतो. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगते. याला आपण सजग स्वप्न म्हणू. डच लेखक व मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान ईडन यांनी १९१३ साली यावर निबंध लिहिला. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडातील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी त्याचा पुरावा मिळवला. या अवस्थेत शरीराचे स्नायू शिथिल असतात, पण डोळे हलू शकतात. ॲलन वर्स्ली या निद्रिस्त गृहस्थांनी आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली आणि यंत्राने ती टिपली. अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे सिद्ध केले आणि ही विद्या शिकण्याची रीतही सांगितली. स्वप्नातून जाग आली की ते आठवावे, ‘पुढच्या स्वप्नात मला हे स्वप्न आहे हे आठवेल’ असा संकल्प करावा आणि पुन्हा झोपावे.

ज्या जागरणाला मी दोष देत होतो, तेच येथे उपयोगी पडले. मात्र मुद्दाम गजर लावून झोप मोडण्याचा उद्योग मी आठवडाभरातच सोडला. दिवस सुस्तीत जाऊ लागला. आपोआप जाग येईल तेवढीच कामी आणावी, हे मी अनुभवाने शिकलो.

काही महिन्यांनी ते साधले. ग्वाल्हेरच्या जुन्या घराच्या ओसरीवर दादा वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी मथळा वाचला, पुन्हा पाहिले तर अक्षरे बदललेली! स्वप्न ओळखण्याची ही एक खूण मी वाचली होती. दादा २००४ च्या उन्हाळ्यात गेला. तो आजारी असताना मी उज्जैनच्या सिंहस्थाच्या कामावर होतो. ‘रजा मिळत नाही’ असे मी घरी कळवले. खरे तर मी रजा मागितलीच नव्हती.

आता तो समोर होता आणि हे स्वप्न आहे हे मला कळत होते. सजग स्वप्नात मनाजोगते घडवून आणता येते, असे अनेकांनी लिहिले आहे. ‘दादा, रागावला नाहीस ना?’ एवढे विचारायचे, आणि त्याने ‘नाही रे’ म्हणावे अशी इच्छा धरायची. मी विचारले नाही. दादाने पान उलटले आणि मला जाग आली.

मी का थांबलो? ते ‘नाही रे’ माझेच असते. अर्जदारानेच आपल्या अर्जावर मंजुरीची सही करावी, तसा तो प्रकार. यावर कोणी म्हणेल, गेलेला माणूस क्षमा करू शकत नाही. मग स्वप्नात थोडे समाधान मिळाले तर कोणाचे बिघडले? हा आक्षेप हलका नाही. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर उपाय म्हणूनही ही विद्या वापरतात, आणि त्यात मला गैर दिसत नाही. आपले भय घालवणे आपल्या अधिकारात आहे. क्षमा मात्र दुसऱ्याच्या अधिकारातील गोष्ट आहे.

स्वप्नातील वर्तनाची जबाबदारी आपली की नाही, हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनाही पडला होता. नकळत पडलेल्या स्वप्नासाठी माणसाला दोषी धरू नये, हे मला पटते. परंतु जेथे कळते आणि निवड करता येते, तेथे ही सवलत उरत नाही. आपल्याकडे हरिश्चंद्राची कथा सांगतात. स्वप्नात दिलेले दान त्याने जागेपणी खरे केले. मी निघालो होतो ते उलट्या दिशेने. जागेपणीचे देणे मला स्वप्नात फेडून टाकायचे होते.

महिन्याभराने ग्वाल्हेरला गेलो आणि वहिनींना रजेची खरी गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मला ते तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी बोलता, एवढंच पाहत होते.”

हे उत्तर मला स्वप्नात रचता आले नसते.