ओतून देण्याचा अधिकार

मातृदुग्धपेढीबद्दल आपण वाचतो ते बहुतेक वेळा दानाच्या भाषेत. अमक्या आईनं इतके लिटर दूध दिलं, तमक्या जिल्ह्यात पेढीचं उद्घाटन झालं, मंत्रीमहोदयांनी फीत कापली. पेढीतला सर्वांत अवघड प्रसंग मात्र बातमीत येत नाही. निर्जंतुक केलेल्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. अहवालात जंतूंची वाढ दिसली, तर ती अख्खी खेप मोरीत ओतून द्यावी लागते. त्या खेपेत अनेकदा काही जणींचं दूध एकत्र केलेलं असतं. कुणी सिझेरियनच्या टाक्यांचं दुखणं सोसत ते काढलेलं असतं, कुणी आपलं बाळ काचपेटीत असताना. आणि पलीकडच्या खोलीत हजार ग्रॅमचं एक बाळ त्याच दुधाच्या वाटेवर असतं. अशा वेळी ‘ओता’ म्हणणारं माणूस तिथे आहे की नाही, यावर त्या पेढीची खरी किंमत ठरते. पेढी उभी राहते देणाऱ्यांच्या बळावर; टिकते ती ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या बळावर. या नकाराची थोरवी आपल्याला फारशी उमगलेली नाही.

आशियातली पहिली मानली जाणारी दूधपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बालकांच्या डॉक्टर. पुढे त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, आणि १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. रुग्णालय धारावीच्या शेजारचं, महापालिकेचं. एकेका खाटेवर दोघी-दोघी बाळंतिणी हा तिथला परिचित देखावा. अशा गर्दीत डब्याचं दूध पाण्यात कालवून बाटलीनं पाजायचं म्हणजे जंतुसंसर्गाला आवतण. म्हणून शीवची गोष्ट पेढीपासून सुरू होत नाही. डब्याला आणि बाटलीला केलेल्या मनाईपासून होते. मग आईला बाळाच्या खोलीत आणलं गेलं, तिच्याच हाती बाळाची देखभाल दिली गेली. एवढं करूनही ज्यांच्या आईला दूध येईना, किंवा आई स्वतःच अत्यवस्थ होती, अशी बाळं उरली. पेढी त्या उरलेल्यांसाठी. डॉक्टरबाईंनी ऑक्सफर्डची पेढी पाहिली होती आणि हे काम साध्या साधनांत होऊ शकतं हे हेरलं होतं.

सालही ध्यानात घ्यावं असं आहे. १९८५ मध्ये आईच्या दुधातून एचआयव्ही बाळापर्यंत पोचू शकतो हे समोर आलं, आणि दशक संपेपर्यंत ब्रिटन-अमेरिकेतल्या कितीतरी पेढ्यांना टाळं लागलं. व्हिएन्नात १९०९ मध्ये सुरू झालेली ही परंपरा पश्चिमेत आटत होती, तेव्हा मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात ती नव्यानं रुजली. भीती खोटी नव्हती. तिला उत्तर होतं तपासणीचं: देणाऱ्या आईचं रक्त तपासायचं, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून झटपट गार करायचं, उणे २० अंशांवर गोठवायचं, आणि जंतुपरीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय थेंबही बाहेर द्यायचा नाही. पुढे डॉ. जयश्री मोंडकर यांच्या काळात शीवची पेढी इतरांना शिकवणारं केंद्र झाली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं लिहिणाऱ्यांत सुरतचे डॉ. केतन भरडवा आणि अमरावतीचे डॉ. सतीश तिवारी होते. म्हणजे हे शास्त्र आपल्याला बाहेरून आयतं मिळालेलं नाही. ते इथल्याच गर्दीत, इथल्याच वॉर्डांत घडलं आहे.

या दुधाची एवढी मातब्बरी कशासाठी? दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. वरचं दूध त्याला सोसत नाही. आतड्याला सूज येते, कधी ते सडतं, आणि बाळ हाती लागत नाही. इंग्लंडमध्ये लुकास आणि कोल यांनी ९२६ अकाली बाळांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. निव्वळ डब्याच्या दुधावरच्या बाळांत हा आजार, केवळ आईच्या दुधावरच्या बाळांच्या तुलनेत, ६ ते १० पट आढळला. परक्या आईचं तापवलेलं दूधही पुष्कळसं संरक्षण देतं. मात्र तापवण्यानं त्यातल्या जिवंत पेशी मरतात, काही संरक्षक द्रव्यं घटतात, स्निग्धांश पचवणारं विकर निकामी होतं. वजनही डब्याच्या दुधावर अधिक झपाट्यानं वाढतं. म्हणून क्रम पक्का आहे: आधी स्वतःच्या आईचं, ते नसेल तर पेढीचं, आणि तेही नसेल तरच डबा. पेढी चालवणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो. पाळणं कठीण जातं, कारण गोठवलेली बाटली हाताशी असते आणि आईला दूध उतरवायला मात्र वेळ लागतो.

पहिला नकार इथे द्यावा लागतो, आणि तो डॉक्टरला द्यावा लागतो. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर थकलेला. बाळंतीण म्हणते, ‘मला दूधच येत नाही.’ पेढीतून मागवलं की प्रश्न मिटला. अशा वेळी समुपदेशक ताई मध्ये पडते: ‘सर, दोन तास द्या, मी तिच्यापाशी बसते.’ ती बसते, हातानं दूध कसं काढायचं ते दाखवते, बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवते, चीक टाकून देऊ नका म्हणून सासूची समजूत घालते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढलं तरच पान्हा टिकतो हे पुन्हा पुन्हा सांगते. या चिवटपणाची कुठे नोंद होत नाही. पेढीतून गेलेल्या मिलिलिटरांची मात्र होते. मग जितक्या बाटल्या जास्त वाटल्या तितकी पेढी यशस्वी, असा उलटा हिशेब मांडला जातो. आपल्या देशाचं दुखणं इथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं अवघी ४१.८ टक्के. म्हणजे आईला आपण दवाखान्याच्या दारात आणलं, पण बाळ आणि आई यांच्यामधली भिंत तशीच राहिली. ती भिंत पाडण्याऐवजी शेजारी पेढी बांधणं सोपं, आणि फीत कापायलाही सोयीचं.

दुसरा नकार देणाऱ्या आईला. तो तर फारच नाजूक. उत्साहानं आलेल्या बाईला परत पाठवणं कुणाला आवडेल? पण प्रश्न विचारावेच लागतात, आणि ते तिच्या जगण्याच्या भाषेत विचारावे लागतात. छापील अर्जावर ‘तंबाखू सेवन’ या रकान्यापुढे ती सहज ‘नाही’ म्हणते. ‘मिश्री लावता का?’ विचारलं की हसून सांगते, ‘ती काय, सकाळी एकदा.’ ‘दारू?’ नाही. ‘ताडी?’ कधीमधी. कोणती औषधं चालू आहेत, क्षयाचा उपचार झाला आहे का, रक्त तपासायला तयार आहात का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: स्वतःच्या बाळाचं पोट भरतं ना? दानाच्या कौतुकानं भारावून आपल्याच लेकराच्या वाटचं दूध देऊ पाहणारी आई असू शकते. तिला थांबवण्याचं कामही पेढीचंच. बाळ दगावलेल्या आईचा पान्हा आटेपर्यंत तिच्याकडे दूध मागायचं की नाही, हा तर याहून कठीण पेच. काहींना त्या देण्यात आधार सापडतो, काहींना तो प्रश्नच असह्य होतो. त्याचा नियम लिहिता येत नाही. कुणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत विचारायचं हे अनुभवी परिचारिकेलाच कळतं.

तिसरा नकार वशिल्याला. साठा कमी असतो, म्हणून आधी सर्वांत लहान आणि सर्वांत आजारी बाळं, दीड किलोच्या आतली, बत्तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेली. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळासाठी नगरसेवकांचा फोन आला तरी उत्तर तेच. असं उत्तर देणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी वरिष्ठ उभे राहिले तरच ते उत्तर टिकतं. नाहीतर तिची बदली होते आणि पेढीचं शीतकपाट तेवढं राहतं.

चौथा नकार बाजाराला. दान केलेलं दूध गोळा करून, भुकटी करून, हजारोंच्या भावानं विकण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २४ मे २०२४ रोजी बजावलं की २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकण्याची मुभा नाही. कंबोडियानंही २०१७ मध्ये तिथल्या गरीब आयांचं दूध अमेरिकेला निर्यात होऊ लागल्यावर त्यावर बंदी घातली. ‘पैसे मिळाले तर गरीब बाईचं काय बिघडलं?’ हा युक्तिवाद वरवर दयाळू वाटतो. पण ज्या घरात दुधाला भाव येईल, त्या घरातल्या बाळाच्या वाट्याला काय उरेल, याचं उत्तर तो देत नाही.

पाचवा पेच मला सर्वांत विचार करायला लावतो. ‘हे दूध कुणाचं?’ असं विचारणाऱ्या कुटुंबाला काय सांगायचं? आपल्या इतिहासात दूधआईला नाव होतं. सईबाईंचं आजारपण होतं तेव्हा कापूरहोळच्या धाराऊंनी बाळ संभाजीराजांना पाजलं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पेढीत मात्र देणारी अनामिक. मुस्लिम परंपरेत दुधाचं नातं रक्ताच्या नात्यासारखं मानतात. एकाच आईचं दूध प्यालेल्यांचा विवाह निषिद्ध. कराचीत २०२४ च्या जूनमध्ये सुरू झालेली पेढी याच मुद्द्यावरच्या फतव्यानंतर स्थगित झाली. हा आक्षेप अडाणीपणाचा म्हणून उडवून लावता येणार नाही. त्यामागे मुलाच्या पुढच्या आयुष्याची काळजी आहे. अशा कुटुंबाला आधीच सारं समजावून सांगणं, दूध एकत्र न करणं, नोंद ठेवणं, आणि त्यांचा नकार मान्य करणं, एवढं करता येतं. पण तोच प्रश्न जातीच्या कुतूहलातून येतो तेव्हा उत्तर मिळता कामा नये. दोन्ही वेळा शब्द सारखेच असतात, हेतू वेगळा. तो फरक ओळखणं यंत्राला जमत नाही, नियमावलीलाही पुरतेपणी जमत नाही. रक्तपेढीत बाटलीची जात आपण विचारायची सोडली. दुधाच्या बाबतीतही ते शहाणपण पेढीनं ठामपणे धरायला हवं.

हे सगळं सिल्वासासारख्या गावात नेऊन पाहावं. दमणगंगेच्या काठचं हे औद्योगिक शहर. धाग्याच्या आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं. भोवताली वारली, कोकणा, धोडिया पाडे. बोलायला मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली. इथलं विनोबा भावे रुग्णालय केवळ दादरा-नगर हवेलीचं उरलेलं नाही. पालघर जिल्ह्यातल्या जोखमीच्या बाळंतिणीही अनेकदा इथेच धाडल्या जातात. अशा ठिकाणी खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बिहारी मुलीजवळ ना आई ना सासू. आणि पाड्यावरून आलेली आई आठ दिवसांत घरी परतायला अधीर, कारण तिथे दुसरं लेकरू आणि भातकापणी तिची वाट पाहते. अशा गावातल्या पेढीला मार्ग दाखवायचा, तर चार भाषा बोलणारी समुपदेशक लागेल, आईला बाळाजवळ राहायला खाट लागेल, दोन वेळचं जेवण लागेल. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हाच विवेक आहे. परक्या आईचं दूध घेणारी पूर्ण पेढी मोठ्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवरच्या रुग्णालयांसाठी. त्याखालच्या केंद्रांत आईनं काढलेलं दूध तिच्याच बाळासाठी साठवायचं. आणि जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे निदान पाजायला शिकवणारं माणूस हवं. पाया त्या शेवटच्या पायरीचा आहे. उद्घाटनं मात्र पहिल्या पायरीची होतात.

यावर कुणी म्हणेल, इतके नकार लावत बसलात तर पेढी वाढायची कशी? त्याला ब्राझीलनं उत्तर दिलं आहे. १९८५ पासून जुआँव आप्रिजिओ गेरा द अल्मेदा यांच्या पुढाकारानं तिथे महागडी परदेशी भांडी टाकून कॉफीच्या आणि मेयोनेजच्या रिकाम्या काचेच्या बरण्या उकळून वापरात आणल्या. अग्निशमन दलाचे जवान घरोघरी जाऊन दूध गोळा करतात. आज तिथे दोनशेहून अधिक पेढ्यांचं जाळं आहे. त्यांनी सामानाचा डौल सोडला. तपासणी सोडली नाही. आणि त्यांच्या पेढ्या मुळात स्तनपानाला आधार देणारी केंद्रं आहेत. तिथे येणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणी दूध द्यायला येत नाहीत. स्वतःच्या बाळाला पाजायला शिकायला येतात. म्हणजे शिस्त आणि विस्तार यांचं वैर नाही. वैर आहे ते झगमगाटाचं आणि शिस्तीचं.

म्हणून पेढीसाठी निधी मागायला कुणी आलं, तर देणगीदारानं आणि सरकारनं यंत्राची किंमत विचारण्याआधी एवढंच विचारावं: समुपदेशकाचं पद कायम आहे की कंत्राटी? रात्रपाळीला ती असते का? तिनं बाटली नाकारली तर वॉर्डातलं कोण तिचं ऐकतं? आणि वार्षिक अहवालात पहिल्या पानावर आकडा कशाचा छापणार? गोळा झालेल्या लिटरांचा छापणार असाल, तर आपण एक चांगलं गोदाम उभं केलं. दवाखान्यातून घरी जाताना आईच्याच दुधावर असलेल्या बाळांचा छापणार असाल, तर पेढीचं काम वर्षागणिक कमी होत जाईल, आणि ज्यांनी ती चालवली त्यांना त्यात कमीपणा वाटणार नाही.