सुक्या काठीला पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेले काही गुरुवार आरतीनंतर एकच विषय निघतोय. कुणाचा नातू रात्रभर खाजवतो, कुणाच्या सुनेच्या हातांना भेगा पडून रक्त येतं. मग घरचे हळूच विचारतात, हा कुठल्या जन्मीचा भोग? एका घरी तर लेकराला पंगतीत वेगळं बसवलं. म्हणून आज इसबाबद्दल स्पष्टच लिहितो.

इसब शिवल्याने लागत नाही. तो कुणाचा शापही नव्हे. काहींची कातडी मुळातच थोडी विरळ असते. आतली ओल उडून जाते आणि बाहेरचं त्रासदायक आत शिरतं. अशा घरांत बऱ्याचदा दमा, सकाळच्या शिंका हेही असतं. त्या लेकराला आपल्या मांडीला मांडी लावून जेवायला बसवा.

श्रीगुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवा. त्याला कुष्ठ होतं. तो रोग वेगळा, पण लोकांचं तोंड फिरवणं तेच. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचं सुकं लाकूड संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, तो घालत राहिला. पुढे पालवी फुटली. आम्हाला पालवी तेवढी लक्षात राहते, त्याने वाहिलेलं पाणी आम्ही विसरतो.

इसबाची सेवा अशीच रोजची, कंटाळवाणी. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, साबण अगदी सौम्य आणि जेमतेम, अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं. कातडी ओलसर असतानाच भरपूर मलम, साधं बिनवासाचं. खोबरेल चालत असेल तर तेही. दिवसातून दोनदा, बरं वाटलं तरी. लेकराची नखं कापलेली ठेवा.

आणि एक वही करा. खाज कधी वाढली, त्या दिवशी काय झालं होतं? वास्कोतला घाम आणि धूळ, भांड्यांचा साबण, लोकरीचं कापड, परीक्षेचा ताण, काहीही असेल. आपल्या सेवेतलंही बघा. झेंडू आणि शेवंती ही गाजरगवताच्या कुळातली. रोज हार ओवणाऱ्या काहींचे हात त्यानेच उठतात. कपाळावर टिकलीच्या जागीच चट्टा असेल तर टिकलीचा गोंद किंवा कुंकवातला रंग तपासा. देव गंधावरही भागवून घेतो.

आमच्याकडे पहिला आळ येतो मासळीवर! काही मुलांना खाण्याने त्रास होतो हे खरं, पण डॉक्टरांना न विचारता लेकराचं दूध, अंडं, मासे सगळं तोडलं तर ते नुसतं वाळतं.

सगळ्यात घातकी म्हणजे दुकानातून परस्पर आणलेली ट्यूब. त्यात बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं. गजकर्णाला इसब समजून ते लावलं तर चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. 2018 साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती मिळतातच. उलट डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड भीतीने अर्ध्यात सोडू नका. किती आणि किती दिवस हे त्यांनाच विचारा. पू, ताप, दुखरे फोड दिसले तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. ग्रुपवर लसणीचे आणि लिंबाचे लेप पाठवणंही आता थांबवू या. फुटलेल्या कातडीला ते भाजतात.

जांबावलीला दामबाबाच्या पायथ्याची नदी गुणकारी मानतात. तिथे जरूर जा, श्रद्धेने स्नान करा, आणि बाहेर आल्यावर अंग टिपून मलम लावा. दोन्हींचं भांडण नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदर सप्ताह सुरू होईल. गर्दीत, घामात उभं राहणं ज्यांना सोसवत नाही त्यांनी सुती कपडे घालून पहाटेच्या भजनाला यावं, तेव्हा हवा थंड असते. हारांच्या सेवेतल्या ज्यांचे हात फुटलेत त्यांनी आम्हाला कळवावं, त्यांना तुळशी निवडायचं काम देऊ.

जय गुरुदेव.