नाव एक, टंच दोन : प्रतिरूपक व्यवहाराचा विचार

एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक मोलाची आणि दुसरी हलकी असेल, तर त्या नावाची खरी धनी कोणती, आणि हलक्या वस्तूला ते नाव देणे ही चोरी ठरते काय, हा प्रश्न वरवर बाजारातला वाटला तरी जैन आचार्यांनी तो व्रतांच्या चर्चेत घेतलेला आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे, म्हणजे न दिलेले न घेण्याच्या व्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत; अतिचार म्हणजे व्रत पुरते न मोडताही त्याला लागणारा डाग. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध ओलांडून व्यापार करणे आणि मापात कमीजास्त करणे या चारांनंतर पाचवा येतो तो प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखा दिसणारा माल अस्सल म्हणून खपवणे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याचा अर्थ लावताना बनावट सोन्यारुप्यासारख्या धनाचे उदाहरण घेतले आणि असा व्यवहार वंचनापूर्वक, म्हणजे फसवण्याच्या हेतूने, केलेला असावा लागतो असे म्हटले. पुढचा सारा विचार या अटीभोवती फिरतो.

हा विचार तपासून पाहण्यास कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुका विशेष सोयीचा आहे, कारण कुंभोजजवळच्या डोंगरावरील बाहुबलीचे जैन तीर्थ आणि चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेली हुपरी ही दोन्ही याच तालुक्यात आहेत. चांदीच्या पैंजणाची प्रत टंचावर ठरते. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदीचे भाग किती, ते प्रमाण. साडेब्याण्णव टंचाचे पैंजण आणि साठ टंचाचे पैंजण नवे असताना घडणीत व झिलईत इतके सारखे असू शकतात की नुसत्या नजरेला फरक कळत नाही, आणि बोलताना दोन्ही चांदीचीच म्हटली जातात. शुद्ध चांदी मऊ असल्याने तिच्यात तांबे मिसळल्यावाचून रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही, म्हणून मिसळ हा स्वतः दोष नव्हे. त्यात डाकाची भर पडते : कड्या आणि घुंगरू सांधण्यासाठी लागणारा डाक तारेच्या आधी वितळला पाहिजे, त्यासाठी त्यात इतर धातू अधिक घालावे लागतात, आणि म्हणून सबंध पैंजण आटवल्यावर जो टंच निघतो तो, ज्या तारेपासून ते घडले तिच्या टंचापेक्षा कमी भरतो. सांगितलेला टंच तारेचा की आटवलेल्या दागिन्याचा, हे मोघम राहिले, तर एकही शब्द खोटा न बोलता गिऱ्हाईक फसू शकते.

क्यूबाच्या सिगारच्या बाबतीत हाच पेच अधिक अवघड होतो, कारण तेथे नाव मालाचे नसून घराण्याचे असते. कोहिबा हे नाव १९६६ साली अस्तित्वात आले. सुरुवातीस त्या सिगार राज्यकर्त्यांसाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठी वळल्या जात, आणि त्यांची खुली विक्री १९८२ मध्ये सुरू झाली. या नावाची ख्याती वुएल्ता अबाहो प्रदेशातील निवडक पानांवर, त्यांपैकी काही पानांना दिल्या जाणाऱ्या जादा, तिसऱ्या आंबवणीवर, आणि हाताने वळताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घातलेल्या अखंड पानांवर उभी आहे. २०१० मध्ये आलेल्या बेहिके या मालिकेत तर झाडाच्या अगदी शेंड्याची, मोजक्याच झाडांना येणारी मेदिओ तिएम्पो नावाची पानेही असतात. त्याच कोहिबा नावाखाली मिनी ही बारीक सिगार मिळते. ती यंत्रावर तयार होते, तिच्या पोटात अखंड पानाऐवजी कातरलेल्या पानांचा चुरा असतो, आणि तो भरभर जळून संपतो. तंबाखू दोन्हींत क्यूबाचीच आणि पेटीवरचे नावही तेच, तरी एका बेहिकेच्या किमतीत मिनीच्या अनेक पेट्या येतात.

नाव वस्तूला कोणत्या आधाराने लागते, याचा उलगडा जैन दर्शन निक्षेपाच्या कल्पनेने करते. निक्षेप म्हणजे शब्दाचा वस्तूवर केलेला विन्यास, आणि तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात त्याचे चार प्रकार दिले आहेत. गुणांचा विचार न करता केवळ ओळखीसाठी ठेवलेले नाव हा नामनिक्षेप; एका वस्तूच्या ठायी दुसरीची कल्पना करणे हा स्थापनानिक्षेप; वस्तूची पूर्वीची किंवा पुढे येणारी अवस्था लक्षात घेऊन तिला नाव देणे हा द्रव्यनिक्षेप, जसे राजपुत्राला राजा म्हणणे; आणि प्रत्यक्ष वर्तमान गुणांवरून नाव देणे हा भावनिक्षेप. या दृष्टीने बेहिकेला कोहिबा हे नाव भावाने लागते, तर मिनीला ते बहुतांशी नामानेच लागते, कारण ज्या अखंड पानामुळे आणि हातवळणीमुळे नावाला मोल आले ते तिच्यात नाही. चांदीचे तसे नाही. तेथे नाव धातूचे असल्यामुळे साठ टंचाचे पैंजणही साठ भागांपुरते भावानेच चांदीचे असते, आणि उणीव आकड्यात सांगता येते. घराण्याच्या नावाला असा टंच नसतो. त्याची उणीव शब्दांनी सांगावी लागते, आणि म्हणूनच ती न सांगण्याचा मोह अधिक असतो.

यावरून हलक्या वस्तूला थोर नाव देणे हेच असत्य, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावरील संगमरवरी मूर्तीला भाविक बाहुबली म्हणतात. हा स्थापनानिक्षेप आहे, आणि त्यात वंचना नाही, कारण समोर पाषाण आहे हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. चारही निक्षेप आपापल्या जागी निर्दोष आहेत. एका निक्षेपाने दिलेले नाव दुसऱ्या निक्षेपाच्या भावाने विकले, की दोष सुरू होतो.

नयवाद हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. नय म्हणजे वस्तूच्या अनेक अंगांपैकी एक अंग पुढे ठेवणारा दृष्टिकोन. संग्रहनय अनेक वस्तूंमधील समान धर्म पाहून त्यांना एक म्हणतो, तर व्यवहारनय त्याच वस्तूंचे भेद करून दाखवतो. सगळ्या कोहिबा एका घराण्याच्या आहेत हे विधान संग्रहनयाने खरे आहे. पण त्याच्या जोरावर भेद नाकारला किंवा दडवला, तर तो नय न राहता नयाभास होतो. विकणाऱ्याने नाव उच्चारताना ‘स्यात्’ची, म्हणजे ‘या अपेक्षेने’ची, मर्यादा बोलून दाखवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की कमी किंमत हीच हलकेपणाची कबुली असते, मग वेगळे सांगण्याची गरज काय. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. किंमत काहीतरी उणे असल्याचे सुचवते, पण काय उणे आहे ते सांगत नाही : पान, वळणी, आकार, की केवळ वेष्टन? शिवाय प्रत ठरवण्याचे ज्ञान ज्याच्याकडे असते त्याच्याच हाती किंमतही राहते. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी आंदोलन केले. अशा बाजारात घेणारा सांगेल तीच मालाची प्रत ठरू लागली, तर प्रतिरूपक व्यवहार उलट्या दिशेनेही घडू शकतो, म्हणजे चांगल्या मालाला हलक्याचे नाव देऊन. अतिचाराचा नियम विकणाऱ्याला जितका लागू आहे तितकाच घेणाऱ्यालाही.

आणखी एक दृष्टी उरते, ती त्यागाची. तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली, त्यामुळे जुन्या श्रावकाचारांत, म्हणजे गृहस्थांच्या आचारग्रंथांत, तिचे नाव नाही. पण व्यसन वर्ज्य मानणाऱ्या व्रतीला बेहिके आणि मिनी सारख्याच त्याज्य आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखातल्याच भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांनी दिगंबर मुनिपरंपरेला नवी उभारी दिली, हे ध्यानात घेता या भागात दोन्ही दृष्टी शेजारी नांदत आल्या आहेत. मात्र त्यागी माणसाचे ‘दोन्ही सारखेच’ हे वाक्य व्यापाऱ्याला उसने घेता येत नाही. व्रती ते म्हणतो तेव्हा स्वतःचा लोभ सोडतो, व्यापारी म्हणतो तेव्हा दुसऱ्याचे पैसे घेतो. भावाची किंमत देऊन नाम घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाने त्या दोहोंतील फरक कधीच दिलेला नसतो, कारण तो त्याला सांगितलेलाच नसतो. आणि न दिलेले घेणे हीच अचौर्य व्रताने सांगितलेली चोरीची व्याख्या असल्यामुळे, दडवलेल्या टंचाचा विचार आचार्यांनी असत्याऐवजी चोरीच्या प्रकरणात केला, यातच त्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते.