आश्रय आणि ऋण

परक्याविषयीच्या कर्तव्याचा विचार करताना आतिथ्याचा दाखला सहज दिला जातो. परंतु अतिथी परत जाणारा असतो. निर्वासिताला परतण्यासाठी घरच उरलेले नसते. म्हणून त्याचा प्रश्न औदार्याचा नसून न्यायाचा ठरतो. चकमांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर १९६०च्या दशकाच्या आरंभी कप्ताई धरण उभे राहिले. चितगाव डोंगरी प्रदेशातील सुमारे ४० टक्के लागवडीची जमीन पाण्याखाली गेली आणि सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. त्यांत बहुसंख्य चकमा होते. १९६४पासून त्यांतील अनेकजण भारतात आले. काहींना, हाजोंग कुटुंबांसह, आजच्या अरुणाचलात वसविण्यात आले.

तेथील जमातींचा विरोध केवळ कृपणपणाचा नव्हे. १८७३च्या नियमनाने आखलेल्या इनर लाइनमुळे त्या प्रदेशात अन्य राज्यांतील भारतीय नागरिकालाही परवान्यावाचून प्रवेश नाही. जमीन आणि रूढी यांवर ज्यांचे अस्तित्व उभे आहे, अशा लहान समाजांना संख्येचे भय वाटणे स्वाभाविक आहे. वसाहतीचा निर्णय मात्र सत्तेने घेतला आणि भार डोंगरांवर टाकला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार होता.

तरीही या तक्रारीचा रोख निर्वासितांवर धरता येत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६५,००० चकमा-हाजोंगांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. संविधानाचा अनुच्छेद २१ नागरिकापुरता मर्यादित नाही. तो व्यक्तिमात्राला संरक्षण देतो. जीव राखण्याचे कर्तव्य असे निरपवाद आहे. यजमानाच्या सोयीअसोयीवर ते अवलंबून राहू शकत नाही.

जमीन, मताधिकार आणि सन्मानाने जगण्याची साधने यांचा प्रश्न त्यापुढचा. तेथे कर्तव्य साऱ्या राष्ट्राचे असते, आणि म्हणून त्याचा भारही साऱ्या राष्ट्राने वाटून घेतला पाहिजे. यजमान जमातींना या व्यवहाराची भरपाई मागण्याचा अधिकार आहे. पण ती मागणी राज्यसत्तेकडे करावयाची असते. त्याच भूमीत जन्मलेल्या चकमा मुलाकडून ती वसूल करता येत नाही. त्या मुलाने कोणतीही सीमा ओलांडलेली नाही.

ऋणकोने आपले ऋण दुर्बळाच्या माथी मारले, तर ऋण फिटत नाही. ते दोघांचे होते: बुडालेल्या गावांचे, आणि न विचारता ज्यांची भूमी दिली गेली त्यांचेही.