दोन बेटें आणि पाहुण्याचा धर्म

यंदाच्या सुटींत अंदमानास जावें कीं लक्षद्वीपास, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ सुखवस्तु घरांतून निघतो, आणि विमानाचें भाडें, हवा व मुलांच्या परीक्षा यांच्या हिशेबानें तो बहुधा सुटतो. हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे असें कोणी म्हटलें तर वाचकांस हसूं येईल. ज्याचा पैसा, ज्याची सुटी, त्याची आवड; येथें नीतीचें काय काम? माझें म्हणणें इतकेंच कीं, आवडीचा निकाल लागल्यावरहि एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो आपण सहसा विचारीत नाहीं.

बेट या एका नांवाखालीं दोन अगदीं भिन्न वस्तू येथें एकत्र आल्या आहेत. अंदमान म्हणजे समुद्रांत बुडालेल्या पर्वतरांगेचे माथे; दाट अरण्य, टेकड्या, खाड्या असा त्याचा पसारा. निकोबार धरून त्याचें क्षेत्रफळ ८ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भरतें. लक्षद्वीप म्हणजे प्रवाळांनीं रचलेले वाळूचे पट्टे, समुद्रसपाटीपासून जेमतेम कांहीं मीटर उंच. सगळीं बेटें मिळून जमीन सुमारें ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें माणसें ६४ हजारांच्या वर.

यांतलें अधिक सुख कोठें? मिलनें सुखासुखांत उच्चनीच भेद केला आणि दोन्ही सुखांचा अनुभव घेतलेल्या माणसास न्यायाधीश नेमलें. सुटीच्या बाबतींत ही सोय नाहीं, कारण निवड अनुभवाच्या आधीं करावी लागते. पण आपली खरी चूक निराळी आहे. सुखवादाचें नांव घेणारे आपण त्याची अर्धीच बेरीज करतों. त्या बेरजेंत प्रत्येक माणूस धरलेला आहे, तिकीट काढणारा तेवढाच नव्हे.

अंदमानाविषयीं एक आक्षेप मीं सज्जनांच्या तोंडून ऐकला आहे. जेथें माणसांनीं कोलू ओढले, जेथून कित्येक परतले नाहींत, तेथें मौजेकरितां जावें काय? पोर्ट ब्लेअर येथील (२०२४ पासून या शहराचें नांव श्रीविजयपुरम् आहे) सेल्युलर जेल १९०६ सालीं पुरा झाला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें सात भुजा निघालेल्या, आणि एका भुजेच्या कोठड्यांचें तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यास कैदी दिसूं नये. सावरकर बंधूंमुळें मराठी घरांस हा तुरुंग परका नाहीं. आज त्याच्या तीनच भुजा उभ्या आहेत, आणि १९७९ सालीं त्यास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मला तो आक्षेप मान्य नाहीं. माणसें देशाच्या दृष्टीआड व्हावींत म्हणूनच ती वास्तु तेथें, समुद्रापलीकडे, बांधली गेली. तेथें जाणारा प्रत्येक जण तो हेतु थोडाफार मोडीत काढतो. सकाळीं कोठडी पाहून डोळे ओलावलेलीं मुलें सायंकाळीं लाटांत खिदळलीं तर मृतांचा कांहीं अपमान होतो असें मी समजत नाहीं.

अडचण आहे ती जिवंत माणसांची. अंदमानचा मोठा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जातो. १९९७ नंतर हे लोक अरण्याबाहेर येऊं लागले. रस्त्याचा तो भाग बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं दिला, तरी वाहनें धांवतच राहिलीं. २०१२ सालीं जारवा स्त्रियांस प्रवाशांपुढें नाचावयास लावल्याचें चित्रण जगापुढें आलें आणि मोठा गहजब झाला. गाड्या ताफ्यानेंच जाव्यात, वाटेंत थांबूं नये, छायाचित्र घेऊं नये, असे नियम आहेत. पण विचारलें तर प्रवासी सांगतात, 'आम्ही बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहावयास जातों.' आणि खिडकीला नाक लावून काय शोधतात? ताफा आपण नसलों तरी जाणारच, हा युक्तिवादहि पुढें येतो. प्रत्येक गाडींतून तोच बोलला जातो, म्हणून तर ताफा भरतो! ज्यांस कोणीं विचारलें नाहीं, ज्यांना नको म्हणावयाची सोय नाहीं, त्यांच्या अंगणांतून हें जाणें आहे.

लक्षद्वीपांत याच्या उलट प्रकार. तेथें पाऊल ठेवण्यास परवाना लागतो आणि वस्तीच्या बेटांवर दारूबंदी चालत आलेली आहे. पुष्कळ प्रवाशांच्या कपाळास यानें आंठ्या पडतात. परवाना सरकार देतें, बेटकरी देत नाहीं, हें खरें. तरी उंबरठ्याशीं क्षणभर थांबावें लागतें, ही गोष्ट मला अपमानाची वाटत नाहीं. पाहुण्यानें यजमानाच्या रीतीनें राहावें हें आपल्याच घरांतून शिकविलें जात असे. आणखी पाण्याची गोष्ट आहे. त्या वाळूखालीं पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखें तरंगत असतें. उपसा वाढला कीं खारें पाणी वर येतें. कोंकणांत खाडीकांठच्या विहिरी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. कवरत्तीस २००५ सालापासून समुद्राचें पाणी गोडें करण्याचा कारखाना आहे, पण त्यामुळें कांहीं तें आपल्या नळाच्या पाण्याइतकें स्वस्त झालेलें नाहीं. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६ या सालीं समुद्र तापून तेथील प्रवाळ पांढरे पडले. जें बेट प्रवाळांनींच बांधलेलें, त्याच्या घरमालकाला यांत किती धाक वाटत असेल!

म्हणून मला विचाराल तर सल्ला असा: दोन बादल्या पाण्यांत भागविणारा, थोडक्या सोबतीचा प्रवासी असेल त्यानें लक्षद्वीपास जावें, लेंकुरवाळ्या, दिवसांतून दोनदां नळाखालीं उभें राहणाऱ्या मंडळींनीं अंदमान गांठावें, मात्र त्या रस्त्यानें जाऊं नये.

आमच्या घरीं यंदा अंदमानाचें ठरलें आहे. बाराटांगच्या गुहा यादींतून मीं काढल्या. धाकट्या मुलीस तें पटलेलें नाहीं. ती म्हणते, 'बाबा, अरण्य संपेपर्यंत मी डोळे मिटून बसेन.' तिला काय सांगावें याचा विचार चालू आहे.